औषध तेच, देश वेगळा

खोकल्याच्या औषधाची एक बाटली घेऊ. तिच्यात थोडेसे कोडीन आहे. भारतात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की दुकानदार ती बाटली देतो. तीच बाटली आणि तीच चिठ्ठी घेऊन एखादा माणूस दुबईच्या विमानतळावर उतरला आणि त्याने आधी परवानगी काढलेली नसेल, तर त्याची चौकशी होऊ शकते, प्रसंगी त्याला अटकही होऊ शकते. तोच माणूस टोकियोला उतरला तर एवढ्या अल्प कोडीनबद्दल बहुधा त्याला कोणी हटकणार नाही. जपानमध्ये कोडीनच्या जवळच्या नात्यातले द्रव्य अल्प प्रमाणात असलेली सर्दी-खोकल्याची औषधे दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतात. मात्र त्याच्या खिशात चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या असतील, तर त्याच टोकियोत तो अडचणीत येईल.

औषध बदलले नाही, आजार बदलला नाही, माणूसही तोच आहे. मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर थोडे रसायनशास्त्रात, थोडे इतिहासात आणि थोडे कायद्यात सापडते. आपल्या गावातले अनेकजण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. कित्येक आईवडील परदेशी असलेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहायला जातात. त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या, फिट्‌सच्या गोळ्या असतातच. म्हणून हे उत्तर समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

चिठ्ठी कोणाला लिहिलेली असते?

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक परवानगी असते. एका देशात नोंदणी झालेल्या डॉक्टरने त्याच देशातल्या औषध दुकानदाराला दिलेली ती परवानगी आहे. एस.टी.चा पास रेल्वेत चालत नाही, म्हणून कोणी त्या पासाला खोटा म्हणत नाही. तो पास वेगळ्या व्यवस्थेने दिलेला असतो, एवढेच. चिठ्ठीचेही तसेच आहे. परदेशात ती 'हे औषध मी आजारपणासाठी, योग्य मार्गाने घेतले आहे' याचा पुरावा ठरते. पण ते औषध त्या देशात आणायला परवानगी आहे की नाही, हे तो देश ठरवतो.

आपल्याकडेही सगळी औषधे एका तराजूत तोललेली नाहीत. घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून पाहा. काहींवर 'आरएक्स' ही खूण दिसेल. हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ. काहींवर हीच खूण लाल रंगात असते. ही औषधे २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या परिशिष्टातली आहेत आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. 'एक्सआरएक्स' ही खूण त्याहून कडक अशा 'एक्स' परिशिष्टाची, तर 'एनआरएक्स' ही खूण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येणाऱ्या औषधांची. प्रवासाला निघणाऱ्यासाठी या खुणा फार मोलाच्या आहेत. पट्टीवर लाल खूण, 'एक्स' किंवा 'एन' दिसले, की ज्या देशात जायचे तिथल्या नियमांची चौकशी करायलाच हवी.

रेणूंचे नातेगोते

आता रसायनशास्त्राकडे वळू. अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक बाहेर येतो. तो वाळला की अफू तयार होते. तिच्यातून १८०५ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रीड्रिश झेर्ट्यूर्नर याने मॉर्फीन वेगळे केले. पुढे १८३२ मध्ये फ्रान्सच्या पिएर रोबिके याला त्याच चिकात कोडीन सापडले.

मॉर्फीनच्या रेणूत कार्बनचे १७, हायड्रोजनचे १९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. त्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बसवला की झाले कोडीन. फरक एवढाच. आपण कोडीन पोटात घेतले, की यकृतातले एक एन्झाइम त्यातल्या काही रेणूंवरचा हा मेथिल गट काढून टाकते आणि तेवढ्या कोडीनचे पुन्हा मॉर्फीन होते. कोडीनचा वेदनाशामक गुण मुख्यतः या मॉर्फीनमुळेच येतो. मॉर्फीनला दोन अॅसिटिल गट जोडले की हेरॉइन तयार होते. म्हणजे खोकल्याचे औषध, कर्करोगाच्या असह्य वेदना शमवणारे औषध आणि बहुतेक देशांत बंदी असलेले व्यसनाचे द्रव्य हे एकाच घराण्यातले आहेत.

दुसरे उदाहरण सर्दीच्या गोळीचे. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १५, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचा १ अणू. मेथॅम्फेटामिन या अत्यंत व्यसनकारक उत्तेजकाच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १५ आणि नायट्रोजनचा १ अणू. दोहोंत फरक आहे तो ऑक्सिजनच्या एका अणूचा. त्यामुळे स्यूडोएफेड्रिन स्वतः साधे औषध असले, तरी चोरट्या कारखानदारांना ते कच्चा माल म्हणून हवे असते.

औषध आणि अंमली पदार्थ ही दोन वेगळी गाठोडी आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत आहे, असे आपण समजतो. रेणूंच्या पातळीवर अशी भिंत नाही. तिथे आहे ती उतरण. या उतरणीवर 'इथपर्यंत चालेल, पुढे नाही' अशी रेघ कुठे मारायची, हे माणसांना ठरवावे लागते. प्रत्येक देशाने ती रेघ आपापल्या अनुभवावरून मारली आहे.

जपानची रेघ

जपानचा अनुभव पाहा. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये एफेड्रा या वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामिन बनवले. तेव्हा ती केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, हेच द्रव्य 'फिलोपॉन' या नावाने जपानमध्ये बाजारात आले. थकवा घालवणारी, झोप उडवणारी गोळी म्हणून ते कामगारांना आणि सैनिकांना दिले जाई. युद्ध संपल्यावर उरलेला साठा लोकांपर्यंत पोहोचला आणि हरलेल्या, उपाशी देशात व्यसनाची मोठी साथ आली. अखेर १९५१ मध्ये जपानने उत्तेजक द्रव्यांवर नियंत्रण ठेवणारा कडक कायदा केला.

आजच्या जपानी नियमांवर या साथीची छाया स्पष्ट दिसते. अॅम्फेटामिन असलेले औषध जपानमध्ये नेताच येत नाही. अमेरिकेत एकाग्रतेचा अभाव आणि अतिचंचलता या त्रासावर अशी औषधे मुलांना आणि मोठ्यांना सर्रास लिहून दिली जातात, पण तिथली चिठ्ठी दाखवूनही उपयोग होत नाही. १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेले औषधही आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाही. समजा, ३०० मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन आहे. हे प्रमाण २० टक्के झाले. म्हणजे गोळी रेघेच्या पलीकडे गेली.

इथे औषध नेण्याची पद्धतही महत्त्वाची ठरते. जून २०१५ मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीच्या अमेरिकी अधिकारी महिलेला टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून टपालाने आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या सापडल्या होत्या. सुमारे तीन आठवडे कोठडीत काढल्यावर खटला न भरता त्यांची सुटका झाली, पण तोवर त्यांनी पदाचा राजीनामा दिला होता. ऑक्सिकोडोन जपानमध्येही औषध म्हणून वापरले जाते. आधी परवानगी काढून रुग्णाला ते स्वतःबरोबर आणता येते. टपालाने मागवता येत नाही.

खसखशीची पुडी

खसखस हे आपल्या घरातले उदाहरण. अनारशावर लावायला, लाडवात घालायला, मसाल्याच्या वाटणात आपण ती वापरतो. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. बियांच्या आत चीक नसतो, पण बोंडातला चीक बियांच्या पृष्ठभागाला लागतो आणि त्यातून मॉर्फीनचा सूक्ष्म अंश येतो. आपल्या १९८५ च्या कायद्याने अफूच्या बोंडाचे आणि झाडाचे नियमन करताना बी स्पष्ट शब्दांत वगळले आहे. ते स्वाभाविकही आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतल्या ठरावीक भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस इथल्या स्वयंपाकात शतकानुशतके आहे.

संयुक्त अरब अमिरातीने रेघ मारताना बियांनाही सूट दिलेली नाही. तिथे खसखस नेणे हा गुन्हा आहे. सिंगापूरमध्येही तिला मज्जाव आहे. मुलाला आवडतात म्हणून आईने डब्यात भरून दिलेले खसखशीचे अनारसे दुबईच्या विमानतळावर साधा खाऊ राहत नाहीत. जिथे खसखशीची ही गत, तिथे कोडीन, ट्रामाडॉल, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशा औषधांबाबत किती काटेकोरपणा असेल, याची कल्पना करता येईल. अमिरातीत अशी औषधे नेण्यापूर्वी तेथील सरकारी यंत्रणेकडे इंटरनेटवरून अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी अर्जाला जोडायची असते.

मग आंतरराष्ट्रीय करार कशासाठी?

साऱ्या जगासाठी एकच नियम का नाही, असे कोणीही विचारील. या विषयावर दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय करार आहेत. मॉर्फीन, कोडीन यांसारख्या द्रव्यांसाठी १९६१ चा आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसाठी १९७१ चा. डायझेपाम, क्लोनाझेपाम, फिनोबार्बिटाल ही झोपेची, चिंतेची आणि फिट्‌सची नेहमीची औषधे १९७१ च्या करारात येतात. दोन्ही करारांत १८० हून अधिक देश सहभागी आहेत.

१९६१ चा करार सुरुवातीलाच मान्य करतो, की वेदना शमवण्यासाठी या द्रव्यांचा वैद्यकीय उपयोग अपरिहार्य आहे आणि त्यासाठी ती उपलब्ध असली पाहिजेत. गैरवापर रोखणे हा कराराचा दुसरा हेतू. १९७१ च्या करारात तर प्रवाशांचा थेट उल्लेख आहे. स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाणात औषध बाळगायला देश परवानगी 'देऊ शकतात', आणि ते औषध योग्य मार्गाने मिळवले आहे की नाही याची खात्री करून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. 'देऊ शकतात' या शब्दांकडे लक्ष द्यावे. 'दिलीच पाहिजे' असे तिथे म्हटलेले नाही. त्यामुळे करार एक असूनही नियम अनेक आहेत.

करारातली यादी हीच शेवटची असेही नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक या आंतरराष्ट्रीय याद्यांत नाही. तरी गैरवापर वाढल्यामुळे भारताने एप्रिल २०१८ मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. ईजिप्त आणि अमिरातीतही त्यावर कडक नियंत्रण आहे.

युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांनी मात्र आपापसात सोय केली आहे. तिथल्या रहिवाशाला नियंत्रित औषध घेऊन गटातल्या दुसऱ्या देशात जायचे असेल, तर त्याच्या देशाने दिलेले प्रमाणपत्र ३० दिवस सर्वत्र चालते. साध्या औषधांच्या प्रमाणाचे नियमही निरनिराळे आहेत. जपानमध्ये चिठ्ठीवरची साधी औषधे एक महिना पुरतील एवढीच वेगळ्या कागदपत्राशिवाय नेता येतात. अमेरिकेत साधारणपणे ९० दिवसांचा साठा चालतो. सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच ध्यानात घेऊन, उरलेल्या काळाची तजवीज कशी करायची ते ठरवावे.

नावांचा घोळ

कोणत्याही देशाच्या यादीत आपले औषध शोधायचे, तर त्याचे खरे नाव माहीत हवे. आपण औषध ओळखतो ते कंपनीने ठेवलेल्या नावाने. तपासणारा अधिकारी मात्र आतला रेणू पाहतो. एकाच रेणूची आपल्याकडे डझनावारी बाजारी नावे असतात. उलट, एकाच बाजारी नावाखाली दोन देशांत वेगळे रेणूही असू शकतात.

विक्सची नाकाला लावायची नळी सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या नळीत मेंथॉल, कापूर अशी द्रव्ये असतात. अमेरिकेत अनेक वर्षे विकल्या गेलेल्या विक्स नळीत मात्र लेव्हमेटाम्फेटामिन हे द्रव्य होते. ते मेथॅम्फेटामिनचे आरशातले प्रतिबिंब. डाव्या आणि उजव्या हातात बोटे तितकीच असतात, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. तसेच या दोन रेणूंत अणू तेच आणि तितकेच असले, तरी शरीरात ते सारखे बसत नाहीत. हे प्रतिबिंब नाक मोकळे करते, पण मेंदूवरचा त्याचा उत्तेजक परिणाम फार सौम्य असतो. म्हणून अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय विकले गेले. जपानने मात्र ही नळी आणायला बंदी केली.

रेणूंच्या नावांचा घोळ टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एकेका रेणूला एकच आंतरराष्ट्रीय नाव देण्याची पद्धत सुरू केली. अशा नावांची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. तरीही जुनी नावे रुळलेली आहेत. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटअमिनोफेन असते आणि दम्यासाठीचे सॅलब्यूटामॉल तिथे अल्ब्यूटेरॉल होते. भारतातल्या डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. औषधाचे मूळ नाव, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे ती सांगते. प्रवासाची चिठ्ठी घेताना आपण डॉक्टरांना तशी विनंती जरूर करावी.

निघण्यापूर्वी

एवढे समजले की पुढच्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत, त्यांची कारणे आपोआप सुचतात.

प्रवासाच्या दोन महिने आधी औषधांची यादी करावी. बाजारी नाव, मूळ नाव, एका गोळीतले प्रमाण, दिवसाला किती आणि एकूण किती, हे सारे लिहावे. ज्या देशात जायचे त्याच्या वकिलातीच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर मूळ नाव शोधावे. वाटेत विमान बदलताना दुसऱ्या देशात बाहेर पडायचे असेल, तर त्या देशाचेही नियम पाहावेत. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेले आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळही निरनिराळ्या देशांचे प्रवाशांसाठीचे नियम एकत्र देते. तिकिटे काढून देणाऱ्या एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

औषध मूळ वेष्टनात न्यावे. आपल्याकडे दुकानदार पट्टी कापून चार-सहा गोळ्या देतो आणि नेमका नावाचा व मुदतीचा भाग त्याच्याकडे राहतो. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्या आणि बिल घ्यावे. वारांचे कप्पे असलेल्या डबीत सगळ्या गोळ्या एकत्र करून नेल्या, तर त्या काय आहेत हे सिद्ध करणे अवघड होते. चिठ्ठी इंग्रजीत, पासपोर्टवर आहे तसेच नाव लिहिलेली असावी. सोबत आजार थोडक्यात सांगणारे डॉक्टरांचे पत्र असावे.

औषधे हातातल्या सामानात ठेवावीत. मोठी बॅग हरवली तरी औषध आपल्यापाशी राहते. इन्सुलिन तर सामानकक्षात ठेवूच नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन भरवशाचे राहत नाही. २००६ पासून विमानात १०० मिलिलिटरहून जास्त द्रव नेण्यावर बंधने आली, पण आवश्यक औषधांना त्यातून सवलत असते. ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवावीत. नियंत्रित औषध जवळ असेल, तर उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन ते स्वतःहून दाखवावे.

दुसऱ्याचे औषध आपल्या सामानात घेऊ नये. 'तिकडे भाऊ आहे, त्याला एवढ्या गोळ्या द्या' हा आपल्याकडचा नेहमीचा निरोप. नाही म्हणणे जड जाते. पण प्रवाशाला मिळणारी सवलत फक्त त्याच्या स्वतःच्या आजारासाठी असते. ज्याच्या सामानात गोळ्या सापडतात, जबाबदारी त्याची.

आणि सर्वांत महत्त्वाचे: नियमांच्या भीतीने औषध घरी ठेवून जाऊ नये. फिट्‌सच्या गोळ्या किंवा बरीच वर्षे घेतलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. एखाद्या देशात आपले औषध नेताच येत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून त्यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या औषधावर जाता येते का ते पाहावे. याला काही आठवडे लागतात. म्हणूनच चौकशी आधी करायची.

वर्गात करून पाहण्यासारखे

नववी-दहावीच्या मुलांना औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकी गोळा करायला सांगता येतील. त्या औषधाच्या दुकानातून मिळाल्या तर उत्तम, म्हणजे कोणाच्या घरातला आजार वर्गात उघड होणार नाही. गोळी असलेली पट्टी आणू नये, हे आधीच बजावावे. मग तक्ता करायचा: बाजारी नाव, मूळ नाव, प्रमाण, खूण. एकाच मूळ नावाची किती बाजारी नावे सापडतात? लाल खुणेची किती? त्यातले एखादे औषध निवडून दोन देशांचे नियम शोधायला एकेका गटाला सांगावे. रेणूतले अणू मोजणे आणि टक्केवारी काढणे ही गणितेही याच ओघात होतील.

शेवटी एक प्रश्न चर्चेला ठेवावा: तुम्हाला एका देशासाठी अशी रेघ मारायची असेल, तर वेदनेने तळमळणारा रुग्ण आणि व्यसनात अडकू शकणारा तरुण या दोघांचा विचार करून ती कुठे माराल? वर्गातल्या गटांच्या रेघा वेगवेगळ्या जागी पडतील, आणि देशादेशांचे नियम वेगळे का, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.